भाड्याचे घर: अनामत रकमेचा निकाल राहायला येतो त्याच दिवशी लागतो

धागाकर्ती (पुणे):

गेल्या नऊ वर्षांत मी पुण्यातील चार भाड्याच्या घरांत राहिले. या काळात मी एकदाही भाडे थकवले नाही, शेजाऱ्यांची तक्रार येऊ दिली नाही आणि सोसायटीचे नियम पाळले. तरीही दुसरे घर सोडताना ७५,००० रुपयांच्या अनामत रकमेतून ३१,००० रुपये कापले गेले. घरमालकांनी मला हिशेब पाठवला: रंगकाम १६,०००, स्वयंपाकघरातील ट्रॉली ९,०००, साफसफाई व किरकोळ दुरुस्ती ६,०००. त्या हिशेबाशी झगडताना माझ्या लक्षात आले की आपले हक्क कोणते आणि जबाबदाऱ्या कोणत्या, याबद्दल मला जे ठाऊक होते त्यातील निम्मे चुकीचे होते. घर शोधणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, म्हणून हा धागा काढत आहे.

ट्रॉलीची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचे सगळे मी तिच्यापासून शिकले. सिंकच्या उजव्या हाताची ती ट्रॉली आम्ही राहायला आलो त्या दिवशीच फुगलेली होती. तळाच्या फळीत पाणी मुरल्यामुळे दार नीट बसत नसे आणि मी घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद फटीत खोचून ते बंद ठेवत असे. दोन वर्षांनी घर सोडताना मालकांनी तीच ट्रॉली माझ्या नावावर लावली. ती आधीपासून तशी होती हे मी सांगत होते, पण पुरावा काहीच नव्हता. तेव्हा आईला आठवले की घरात शिरताना आपण ओट्यावर दूध उतू घातले होते आणि तिने त्याचा फोटो मावशीला पाठवला होता. तो फोटो सापडला. पातेल्यातून दूध उतू जात आहे, बाजूला हळदकुंकवाची वाटी आहे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या फळीचे अर्धवट उघडे दार स्पष्ट दिसत आहे. फोटोवर तारीख होती. तो पाहिल्यावर मालकांनी ९,००० रुपये परत केले. रंगकामाचे आणि साफसफाईचे पैसे मात्र गेले, कारण भिंती कशा होत्या हे सांगणारा फोटो कोणीच काढला नव्हता.

एका पूजेच्या फोटोने ९,००० रुपये वाचवावेत, हा केवळ योग होता आणि योगावर कोणी विसंबू नये. भाड्याच्या घराचे बहुतेक वाद घर सोडताना होतात, पण त्यांचा निकाल घरात शिरण्याच्या दिवशीच लागलेला असतो, असे माझे आता ठाम मत आहे.

आता कराराविषयी. आपण सगळे बोलताना 'भाडेकरार' म्हणतो, परंतु महाराष्ट्रातील शहरांत आज जे करार होतात ते बहुतांशी 'लीव्ह अँड लायसन्स' प्रकारचे असतात. भाडेकरूला त्या जागेत कायदेशीर हितसंबंध मिळतो, तर लायसन्सीला केवळ ठरावीक काळ, ठरावीक शुल्क देऊन तेथे राहण्याची परवानगी मिळते. लायसन्सची व्याख्या १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, आणि महाराष्ट्रातील अशा करारांना १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

या कायद्याचे कलम ५५ प्रत्येकाने वाचावे असे आहे. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही, हा समज इतका खोलवर रुजला आहे की एजंटसुद्धा तसे बिनदिक्कत सांगतात. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला आहे, कारण त्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा कोणताही करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला म्हणजे नोंदणी झाली, असे होत नाही.

नोंदणीचा खर्चही फार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या निवासी करारावर एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. महिना २०,००० रुपये भाडे आणि ६०,००० रुपये अनामत असेल, तर अकरा महिन्यांचे भाडे २,२०,००० आणि व्याज ५,५००, म्हणजे २,२५,५०० रुपयांवर सुमारे ५६४ रुपये होतात. वरचे शंभर पूर्ण धरले तरी ६००. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये असते. मालक आणि राहणारा यांनी हा खर्च निम्मा निम्मा वाटून घेण्याची पद्धत आहे. एवढ्या पैशांसाठी नोंदणी टाळणाऱ्या मालकाच्या घरात मी तरी पुन्हा राहायला जाणार नाही.

तिसऱ्या घरात शिरताना मी मालकीणबाईंना विनंती केली की आपण दोघींनी मिळून घराची नोंद करू. त्यांना आधी ते अविश्वासाचे वाटले, पण अर्ध्या तासाने त्याच मला दाखवू लागल्या की अमुक नळ आधीपासून गळतो, तोही लिहा. त्या नोंदीतील काही ओळी देते:

'बैठकीची खोली: खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ओलीचा डाग, साधारण वीतभर. मोठ्या भिंतीवर खिळ्यांची चार भोके. पंखा चालू, रेग्युलेटर तीनच्या पुढे जात नाही.'

'स्वयंपाकघर: ओट्याच्या कडेचा टवका उडालेला, सिंकजवळ. एक्झॉस्ट फॅन बंद.'

'वीज मीटरचे आजचे आकडे, तीन किल्ल्या (दोन मुख्य दाराच्या, एक सेफ्टी डोअरची), गीझर एक, पंखे चार, पडद्यांच्या दांड्या पाच.'

दोघींनी खाली सह्या केल्या, प्रत्येक खोलीचे फोटो काढले आणि त्याच दिवशी एकमेकींना पाठवले. ते घर सोडताना अनामत रकमेतून फक्त शेवटच्या वीजबिलाचे पैसे वजा झाले आणि आम्ही दोघीही समाधानाने निरोप घेऊ शकलो.

आपले अनुभव आणि कायद्याची माहिती कृपया येथे लिहावी. घरमालकांनीही लिहावे अशी माझी आवर्जून विनंती आहे.


प्रतिसाद: घरमालक (ठाणे)

ताई, आपण घरमालकांनाही बोलावलेत याबद्दल आभार. माझे निवृत्तीनंतरचे बरेचसे उत्पन्न एका दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या भाड्यातून येते, त्यामुळे मी हा विषय दुसऱ्या टोकाकडून पाहतो.

घरमालक इतके बिचकून का असतात, हे तरुण मंडळींना समजत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण तो काळ त्यांनी पाहिलेला नाही. माझ्या वडिलांची मुंबईत गिरगावला एक लहान चाळ होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली होती. खोलीचे भाडे दहा-बारा रुपये, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा कौले शाकारायची म्हटली तर पूर्ण वर्षाचे भाडे त्यात जाई. पुढे लोक लीव्ह अँड लायसन्सवर जागा देऊ लागले, तर १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा लायसन्स चालू होता त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अकरा महिन्यांसाठी दिलेली जागा कायमची गेली, अशी उदाहरणे आमच्या पिढीने घरोघरी ऐकली आहेत. अकरा महिन्यांचा हट्ट आणि मोठ्या अनामत रकमेची मागणी या भीतीतूनच आली आहे.

आज ती भीती बरीचशी निराधार आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे नोंदणी घरमालकाच्याच हिताची आहे, आणि जे घरमालक ती टाळतात ते स्वतःचे संरक्षण स्वतःच सोडून देतात.

आता माझी तक्रार. माझ्याकडे एक सुशिक्षित कुटुंब राहत होते, भाडे वेळेवर देत असे. न्हाणीघरातील फ्लशच्या टाकीमागून पाणी झिरपत होते, पण सात-आठ महिने त्यांनी मला एका शब्दाने सांगितले नाही, कारण त्यांना त्याचा त्रास होत नव्हता. खालच्या मजल्यावरील आजींच्या देवघराच्या भिंतीला पोपडे सुटले तेव्हा मला कळले. वेळेवर कळले असते तर एक वॉशर आणि प्लंबरची मजुरी, इतक्यात काम झाले असते. प्रत्यक्षात टाइल्स फोडून पाइप बदलावा लागला, खालच्यांची भिंत दुरुस्त करून द्यावी लागली आणि शेजारसंबंध बिघडले ते वेगळेच. राहणाऱ्याची पहिली जबाबदारी भाडे ही आहेच, पण घरात काही बिघडले तर लगेच आणि लेखी कळवणे ही माझ्या दृष्टीने तितकीच मोठी जबाबदारी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आणि दोन ओळी पुरतात. कळवल्यानंतर मालकाने हयगय केली, तर पुढचे नुकसान त्याच्या माथी.

रंगकामाविषयी माझे मत असे आहे की दोन-तीन वर्षे कुटुंब राहिल्यावर भिंती मळणारच, आणि तो खर्च भाड्यातच धरलेला असतो. मुलांनी खडूने भिंत रंगवली किंवा कोणी परवानगीशिवाय गडद रंग लावला, तर गोष्ट वेगळी. आपल्या मालकांनी कापलेले १६,००० रुपये मला अन्यायाचे वाटतात.


प्रतिसाद: नागपूरकर (सध्या पिंपरी-चिंचवड)

मी नोकरीनिमित्त वर्षभरापूर्वी इकडे आलो. माझ्या करारात अकरा महिन्यांचा लॉक-इन आहे आणि त्याआधी घर सोडल्यास संपूर्ण अनामत रक्कम जप्त होईल असे लिहिले आहे. रक्कम ९०,००० रुपये आहे. सही करताना मी त्याकडे लक्ष दिले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुय्यम निबंधकांच्या नोंदणीसाठी एजंट घरी बायोमेट्रिक यंत्र घेऊन आला, अंगठा घेतला, फोटो काढला आणि दहा मिनिटांत सगळे उरकले. करार वाचायला मागितला तेव्हा तो सगळीकडे सारखाच असतो, असे उत्तर मिळाले.

आता सातव्या महिन्यात मालकांनी घर विकायला काढले आहे. दर रविवारी ग्राहक घर पाहायला येतात, कधी कधी न कळवता. परवा मी अंघोळीला गेलो असताना मालकांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडून दोन माणसांना आत आणले. घर विकले गेले तर माझे काय, आणि मी आधीच सोडले तर ९०,००० रुपये जातील का, या काळजीत मी आहे.


प्रतिसाद: वकिली करणारा वाचक (मुंबई)

नागपूरकर, आपले प्रश्न तीन आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

न कळवता घरात येणे चुकीचे आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ नुसार घरमालकाला जागेची पाहणी करण्याचा अधिकार आहे, पण तो वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊनच वापरायचा आहे. दुसरी किल्ली मालकाकडे असणे म्हणजे केव्हाही आत येण्याची मुभा नव्हे. त्यांना एक सभ्य संदेश पाठवा की ग्राहकांना दाखवण्यासाठी शनिवारी सायंकाळी ठरावीक वेळ ठेवू आणि आदल्या दिवशी कळवावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात २४ तास आधी सूचना देण्याची तरतूद आहे आणि निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित केली आहे. परंतु तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा लागू आहे. समाजमाध्यमांवर दोन महिन्यांहून अधिक अनामत घेणे बेकायदा आहे असे सांगणारे संदेश फिरतात, त्यांवर विसंबून कोणी मालकाशी वाद घालू नये.

घर विकले गेल्यास काय होते, येथे लायसन्स आणि भाडेपट्टा यांतील फरक प्रत्यक्ष जाणवतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार लायसन्स देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली, तर नव्या मालकावर तो लायसन्स आपोआप बंधनकारक राहत नाही. मात्र आपण अगदी निराधार नाही. कलम ६३ नुसार लायसन्स रद्द झाल्यास जागा सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. कलम ६४ नुसार मोबदला घेऊन दिलेल्या लायसन्सच्या बाबतीत, राहणाऱ्याची काही चूक नसताना देणाऱ्याने मुदतीपूर्वीच त्याला बाहेर काढले, तर त्याच्याकडून भरपाई मागता येते. याच कारणासाठी मी माझ्या पक्षकारांना सांगतो की विक्री झाल्यास किती दिवसांची नोटीस मिळेल आणि अनामत रक्कम कोण, कोणत्या दिवशी परत करील, हे करारातच लिहून घ्या.

लॉक-इनची अट करारात असेल तर ती पाळावी लागते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपण सही केली आहे आणि मालकानेही त्या भरवशावर हिशेब मांडलेला असतो. तथापि संपूर्ण रक्कम जप्त करण्याच्या अटीला १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ लागू होते. करारभंगासाठी एखादी रक्कम लिहून ठेवली असली, तरी त्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेली पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. घर पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणाला दिले गेले, तर ९०,००० रुपयांचे नुकसान झाले असे म्हणणे मालकाला अवघड जाईल. आपल्या बाबतीत घर विकण्याची इच्छा मालकांचीच असल्यामुळे, दोघांच्या संमतीने करार लवकर संपवण्याचे लेखी पत्र करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यात सोडण्याची तारीख, मीटरचे आकडे आणि अनामत परत करण्याची तारीख लिहा. किल्ली आणि रक्कम यांची देवघेव एकाच वेळी झाली तर उत्तम.

अनामत रक्कम मिळालीच नाही, तर प्रथम लेखी मागणी करावी, मग वकिलामार्फत नोटीस पाठवावी आणि शेवटी दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करावा. मुंबईत असे लायसन्सच्या शुल्काचे आणि ताब्याचे वाद लघुवाद न्यायालयात चालतात. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावापूर्व तडजोड किंवा लोकअदालत यांचा प्रयत्न करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, हे फार थोड्या जणींना ठाऊक असते.

शेवटी एक बजावून सांगतो. पैसे अडकले आहेत म्हणून मुदत संपल्यावरही घर न सोडणे, हा उपाय नव्हे. ठाण्याच्या काकांनी लिहिल्याप्रमाणे दुप्पट शुल्काची टांगती तलवार असते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आल्यास तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते, नाही तर मालकाचे म्हणणे मान्य केले असे धरले जाते. त्याचप्रमाणे मालकानेही कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, वीज किंवा पाणी तोडणे असे मार्ग अवलंबू नयेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा सबळ कारणाशिवाय तोडण्यास स्पष्ट मनाई केली आहे.


प्रतिसाद: सोसायटीची माजी सचिव (नाशिक)

सोसायटीच्या बाजूने काही गोष्टी लिहिते, कारण अनेकदा मालक आणि राहणारा यांच्यात काही वाद नसतो, त्रास सोसायटीकडून होतो.

सदस्याने फ्लॅट भाड्याने दिला, तर सोसायटी त्याच्याकडून ना-भोगवटा शुल्क घेऊ शकते. ते किती असावे याला मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवाशुल्क महिना १,८०० रुपये असेल, तर १८० रुपये. आमच्या समितीत एकदा भाड्याने दिलेल्या फ्लॅटला सरसकट दुप्पट देखभाल खर्च लावावा असा प्रस्ताव आला होता. हा आदेश वाचून दाखवल्यावर तो मागे घेतला गेला. हे शुल्क सोसायटी सदस्याकडून मागते; ते राहणाऱ्याने द्यायचे असेल तर तसे करारात आधी ठरलेले असावे. सामान आत आणताना मनाला येईल ती रक्कम मागितली गेली, तर ती कोणत्या ठरावानुसार आहे हे विचारून पावती मागा.

अविवाहित मुलामुलींना घर देऊ नये असे ठराव करण्याचा आग्रह काही सदस्य धरतात. मी सचिव असताना असा ठराव मांडू दिला नाही, आणि आजही माझे मत तेच आहे. रात्री उशिरा गोंगाट होत असेल तर गोंगाटाबद्दल बोलावे. कोणाचे लग्न झाले आहे की नाही, याच्याशी जिन्यातील दिव्याचा किंवा पाण्याच्या टाकीचा काही संबंध नाही. आमच्या इमारतीत चार परिचारिका एकत्र राहत होत्या. टाळेबंदीच्या काळात वरच्या मजल्यावरील आजोबांची साखर अचानक उतरली, तेव्हा रात्री दोन वाजता सगळ्यांत आधी त्याच धावून गेल्या.

राहणाऱ्यांना विनंती इतकीच की कराराची प्रत आणि पोलिसांना भाडेकरूंची माहिती दिल्याची पोच, ही दोन्ही मालकाकडून सोसायटीला वेळेत मिळतील असे पाहावे. माहिती देणे मालकाचे काम आहे, ती आता ऑनलाइनही देता येते, पण ती दिली गेली नाही तर प्रवेशद्वारावर अडवणूक तुमचीच होते.


प्रतिसाद: इंग्लंडमधून

मी बारा वर्षांपूर्वी साताऱ्याहून येथे आले. येथे २००७ पासून खासगी घरमालकाला अनामत रक्कम स्वतःकडे मोकळी ठेवता येत नाही. ती शासनमान्य संरक्षण योजनेत तीस दिवसांत नोंदवावी लागते आणि वाद झाल्यास त्या योजनेचे त्रयस्थ परीक्षक दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहून विनामूल्य निर्णय देतात. त्यांच्या पुढे सर्वांत वजन असते ते घरात शिरतानाच्या यादीला आणि फोटोंना. रंग, गालिचे यांचे वय किती आहे तेही पाहतात, म्हणजे सहा वर्षे वापरलेल्या गालिच्याची नवी किंमत राहणाऱ्याकडून घेता येत नाही. धागाकर्तीने स्वतःच्या अनुभवातून तीच पद्धत शोधली, हे वाचून आनंद वाटला. कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. दोन सह्या आणि काही फोटो, एवढे तर आपण आजही करू शकतो.


प्रतिसाद: धागाकर्ती (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. ठाण्याच्या काकांचा फ्लशच्या टाकीचा अनुभव वाचून मी काल रात्री स्वतःच्या न्हाणीघरात टॉर्च घेऊन तपासणी केली. गीझरच्या नळाजवळ ओल दिसली आणि मालकांना फोटो पाठवला. आज सकाळी प्लंबर येऊन गेला.

गालिच्याच्या वयाचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे भिंतीच्या रंगालाही तोच न्याय लावता येईल. करारातच लिहावे की शेवटचे रंगकाम अमुक महिन्यात झाले आहे आणि राहणारा दोन वर्षे किंवा अधिक राहिल्यास रंगाचा खर्च मालकाचा. माझ्या पुढच्या करारात मी हे वाक्य घालणार आहे. दुरुस्तीबाबतही एक वाक्य हवे: बल्ब, नळाचे वॉशर, नाल्या तुंबणे ही राहणाऱ्याची कामे, पाइप, वायरिंग, ओल, छताची गळती ही मालकाची. भाडेकरूच्या बाबतीत १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये अशी सोय आहे की पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने त्याच्याकडची दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लायसन्सच्या करारात हीच तरतूद दोघांच्या संमतीने लिहून घेता येते.

आणखी एक. भाडे शक्यतो बँकेतून द्यावे. रोख दिले तर पावती घ्यावी. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार पावती देणे मालकाचे कर्तव्य आहे. वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल तर घरभाडे भत्त्याची सवलत घेण्यासाठी मालकाचा पॅन क्रमांक लागतो, तो करारातच लिहून घेतला म्हणजे मार्च महिन्यात धावपळ होत नाही.

नागपूरकर, आपले पुढे काय झाले ते अवश्य कळवा.


प्रतिसाद: नागपूरकर (सध्या पिंपरी-चिंचवड)

वकील साहेबांच्या सल्ल्याप्रमाणे मालकांना शांतपणे संदेश पाठवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून परवाच्या प्रसंगाबद्दल क्षमा मागितली. तेही अडचणीत होते, घरातील आजारपणामुळे त्यांना पैशांची निकड होती. आम्ही समोरासमोर बसून पत्र केले. महिनाअखेरीस मी घर सोडणार, लॉक-इनची अट दोघांनीही सोडून दिली, आणि अनामत रक्कम किल्ली देताना बँकेत जमा होणार. दुसरी किल्ली त्यांनी तोपर्यंत माझ्याकडेच ठेवायला दिली.

नवे घर चिंचवडला मिळाले आहे. काल नव्या मालकांसह घरभर फिरून नोंद केली. न्हाणीघरात गीझरखालच्या टाइलला तडा, गच्चीच्या दाराची वरची कडी सैल, मागील खोलीत एक सॉकेट बंद, मीटरचे आकडे, किल्ल्या तीन. मालकांच्या आई सोबत आल्या होत्या. नोंद झाल्यावर त्यांनी पिशवीतून लहान पातेले आणि दुधाची पिशवी काढली आणि म्हणाल्या, आता दूध उतू घाला. मी या धाग्याची आठवण सांगितली, तेव्हा त्यांनीच मला जरा मागे सरकायला सांगितले, ओट्याखालच्या सगळ्या ट्रॉल्या फोटोत याव्यात म्हणून.